‘काय’ म्हणणाऱ्या मुलखातली बेगमी

साल १९३०, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, पहाटेची वेळ. तुम्ही झाग्रेबमध्ये आहात. धुकं इतकं दाट आहे की कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे मध्येच विरून गेलेत. पायऱ्या चढून तुम्ही दोलात्स बाजारात येता. बाजार यंदाच उघडलाय, फरसबंदी अजून कोरी करकरीत आहे. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका टोपल्या उतरवताहेत. आसपासच्या खेड्यांतून रात्रीच निघालेल्या या बायकांना शहरातले लोक ‘कुमित्सा’ म्हणतात. कुमा म्हणजे मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारी धर्माची आई. भाजीवालीला असं नात्याच्या शब्दाने हाक मारणारं शहर तुम्हाला लगेच आपलंसं वाटतं.

एका टोपलीपाशी तुम्ही घुटमळता. ती मान वर करून विचारते, “काय?”

तुम्ही बरोबरच ऐकलंत. उत्तर क्रोएशियाच्या या भागात ‘काय’ म्हणजे काय! साऱ्या बोलीलाच या एका शब्दावरून नाव पडलंय, कायकावियन. आपल्या भाषेशी तिचं काही जवळचं नातं नाही, दोन्ही शब्द इतके हुबेहूब जुळावेत हा योगायोग आहे. पण घरापासून हजारो मैलांवर, थंडीने बोटं वाकडी झालेली असताना एक अनोळखी बाई तुम्हाला ‘काय?’ विचारते, तेव्हा योगायोगाचासुद्धा आधार वाटतो.

ती तिच्या गायीच्या दुधाचं ताजं पांढरं चीज चाखायला देते. आंबूस, ओलसर, दाताखाली किंचित कुरकुरणारं. त्यावर घट्ट आंबट साय. शेजारच्या बाटलीत भोपळ्याच्या बियांचं तेल आहे, बाटलीत जवळजवळ काळं दिसतं आणि थेंब पांढऱ्या बशीत पडला की गर्द हिरवं होतं. त्यापलीकडे कोबीचे ढीग आहेत, चपटे, फिकट, पातळ पानांचे. कोपऱ्यात एक माणूस निखाऱ्यांवर चेस्टनट भाजतोय. सालीला चीर दिलेली असते, नाहीतर फळ फट्कन फुटतं. कागदाच्या पुडीत ऊन ऊन चेस्टनट हातात येतात, तेव्हा पहिल्यांदा बोटं सरळ होतात.

तुम्ही मात्र घेणार आहात म्लिन्त्सी. मैदा, पाणी, मीठ, फार तर एखादं अंडं, एवढ्यावर लाटलेल्या आणि तव्यावर कोरड्या भाजलेल्या या पोळ्या. पापडाहून जाड, पण तशाच कडक, अंगावर तपकिरी डाग. नीट ठेवल्या तर कितीतरी आठवडे टिकतात. हिवाळ्यासाठी जे काही वाळवून, खारवून, मुरवून ठेवायचं त्याला इथे एक शब्द आहे, झिमनित्सा. झिमा म्हणजे हिवाळा. आपण चैत्र-वैशाखात पापड-कुरडया घालून पावसाळ्याची बेगमी करतो, तशी ही माणसं शरदात बर्फाची बेगमी करतात. त्यांचं शरदातलं खाणं समजून घ्यायचं तर हा एक शब्द पुरेसा आहे. या दिवसांत ताटात येणारं जवळपास सगळं एक तर साठवणीला निघालेलं असतं, नाहीतर साठवणीतून आलेलं.

मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, म्लिन्त्सीचं पुडकं काखोटीला मारून तुम्ही उत्तरेला झागोर्येत पोचता. टेकड्याच टेकड्या, प्रत्येक उतारावर द्राक्षमळा आणि मळ्याच्या माथ्यावर एक लहानसं घर. याला क्लेत म्हणतात. खाली तळघरात पिंपं, वर एकच खोली, खोलीत चूल आणि लांब टेबल.

टेबलावर चादर अंथरलेली आहे. घरातली आजी, म्हणजे बाका, श्त्रुक्ली करायला बसली आहे. तिचे हात बघा. मैद्याचा तेल लावलेला गोळा चादरीच्या मधोमध ठेवून तिने थोडा लाटला, आणि आता दोन्ही हात पिठाखाली घालून, मुठींच्या पाठीवर तोलत ती तो टेबलाच्या कडांकडे ओढत नेते आहे. नखं लागू नयेत म्हणून बोटं आत वळवलेली. पीठ पसरत जातं, पसरत जातं, आणि शेवटी खालच्या चादरीवरची नक्षी त्यातून दिसू लागते. कडेचा जाड काठ ती खुडून टाकते. मग ताजं चीज, अंडं, साय आणि मीठ यांचं सारण. मग चादरीचं एक टोक हळूच उचलते आणि अख्खी पोळी आपोआप गुंडाळली जाते. कापायला सुरी नाही, बशीची कड! सुरीने तोंड उघडं राहतं, बशीच्या बोथट कडेने दाबलं की कापताना तोंडही मिटतं. ही युक्ती ज्या कुणा बाईला पहिल्यांदा सुचली, तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

श्त्रुक्ली उकळत्या पाण्यात पडतात तोवर भट्टीतला हंस तयार होत आलाय. आज संत मार्टिनचा दिवस, मार्तिन्ये. बिशप व्हायचं टाळण्यासाठी मार्टिन हंसांमध्ये लपला आणि हंसांच्या कलकलाटाने सापडला, अशी कथा सांगतात, म्हणून या दिवशी हंस. शिवाय वसंतात जन्मलेला हंस याच सुमारास चांगला भरतो. त्याच्या अंगची चरबी तव्यात उतरते आहे आणि बाका दर थोड्या वेळाने पळीने ती पुन्हा त्याच्या पाठीवर सोडते आहे.

आता तुमचं पुडकं पुढे करा. म्लिन्त्सी हाताने मोडून मोठ्या परातीत टाकल्या जातात, वरून उकळतं मिठाचं पाणी, वर झाकण. काही मिनिटांनी पाणी निथळलं की कडक तुकडे मऊ, लवचीक झालेले असतात. ते सरळ हंसाच्या तव्यात जातात, तळाशी साचलेल्या तपकिरी रसात आणि चरबीत घोळतात. पहिला घास घ्या. मांसापेक्षा या तुकड्यांना जास्त चव आहे. हंसाचा सगळा अर्क त्यांनी पिऊन घेतलाय. सोबत तांबड्या कोबीची आंबटगोड भाजी. मला विचाराल तर अख्ख्या क्रोएशियात शरदाचं याहून चांगलं ताट नाही.

जेवणाआधी एक सोहळा झाला तो सांगायचा राहिला. एका शेजाऱ्याने बिशपचा वेश केला, दुसरा धर्मपिता झाला आणि पिंपातल्या मोश्तचा, म्हणजे आंबत आलेल्या द्राक्षरसाचा, बाप्तिस्मा झाला. आजपासून त्याला वाईन म्हणायचं. खोलीतली माणसं हसत होती, पण पहिला पेला उजेडात धरताना प्रत्येकाचा चेहरा गंभीर झाला. वर्षभराची मेहनत त्या पेल्यात होती.

तळघरात उतरा. वाईनच्या पिंपांशेजारी एक उघडं पिंप आहे, वर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर धोंडा. आत कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडालेत. अजून काही आठवडे ते आंबतील, मग एकेक पान सोडवून त्यात खिमा आणि तांदूळ गुंडाळतील, मध्ये मध्ये धुरावलेलं मांस ठेवून मंद आचेवर शिजवतील. ही सार्मा. नाव तुर्की, गुंडाळणे या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. उस्मानी फौजांशी इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या आणि त्यांचा हा पदार्थ मात्र आपल्या चुलीवर ठेवून घेतला. ताज्या सार्मापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरम केलेली सार्मा चांगली, असं इथे घरोघर मानतात.

त्या पिंपावर वाका, आंबूस वास छातीत भरून घ्या, आणि आणखी सोळाशे वर्षं मागे या.

साल ३०८. दक्षिणेला, एड्रियाटिकच्या काठी, आजचं स्प्लिट. रोमचा सम्राट डायोक्लेशन तीन वर्षांपूर्वी स्वतःहून सत्ता सोडून आपल्या जन्मभागात, सलोनाजवळ बांधलेल्या महालात राहायला आलाय. साम्राज्यात बेबंदशाही माजली आहे आणि त्याने परत यावं म्हणून जुने सहकारी गळ घालताहेत. या नोव्हेंबरात डॅन्यूबकाठच्या कार्नुन्टमला त्यांची बैठक झाली. त्याने नकार दिला. सलोनाला मी माझ्या हाताने लावलेल्या भाज्या बघितल्या असत्या, तर हे विचारलंच नसतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर जुन्या लॅटिन ग्रंथात नोंदलेलं आहे. मूळ शब्द नुसता ‘भाज्या’ आहे, त्याचा कोबी पुढच्या लोकांनी केला. पण तुम्ही त्या वाफ्यापाशी उभे आहात. ओली माती, पानांवर दव आणि वाकलेला म्हातारा सम्राट. त्याच्या नकारावर तुमचा विश्वास बसतो.

आता झपाट्याने पुढे. २ नोव्हेंबर १९९९, क्रोएशियातलंच इस्त्रिया. बुये गावाजवळ जान्कार्लो झिगान्ते आपल्या डायाना नावाच्या कुत्रीसोबत फिरतोय. ती जमीन हुंगते, उकरू लागते आणि पांढऱ्या ट्रफलचा १.३१ किलोचा कंद बाहेर येतो. गिनीज बुकात नोंद झालेला तेव्हाचा विक्रम. ओलसर जंगलात, झाडांच्या मुळांशी वाढणारी ही बुरशी लसणासारखी, मधासारखी, ओल्या मातीसारखी दरवळते आणि ताजा दरवळ थोड्याच दिवसांत उडून जातो. हिची बेगमी करता येत नाही. झिगान्तेने ती विकली नाही, पंगत घालून शंभरेक लोकांना खाऊ घातली. मला हा माणूस आवडतो तो त्यासाठी.

परत आजमध्ये या. झागोर्येच्या श्त्रुक्लीला क्रोएशियाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळालेली आहे. दोलात्सवर आजही कुमित्सा बसतात, म्लिन्त्सी आता दुकानांत तयार पाकिटांतही मिळतात. तुम्ही क्रोएशियाला निघालाच असाल, तर सगळे जातात तसे जुलैत समुद्रावर जाऊ नका. नोव्हेंबरात जा, झाग्रेबहून उत्तरेची गाडी धरा, एखाद्या क्लेतीत हंस आणि म्लिन्त्सी मागा. वाढणाऱ्या बाईने “काय?” विचारलं, तर बेलाशक मराठीत उत्तर द्या.