बाळंतिणीची खोली आणि इस्पितळाचा दरवाजा

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें मराठी घरांतील वडीलधारीं माणसें म्हणत असत. हें बोलणें अलंकाराचें नव्हतें. पहिल्या खेपेस माहेरीं आलेली लेक उजळमाथ्यानें सासरीं परत जाईल कीं नाहीं, याची धास्ती आईच्या मनांतून शेवटपर्यंत जात नसे. ओटींत मूल आणि पायांत बळ घेऊन ती परत गेली, म्हणजे देवापुढें साखर ठेवावयाची. न गेली, तर दैवाला बोल लावावयाचा. दैव आणि देव यांच्या मधल्या जागेंत वैद्यक कोठें होतें, हा खरा प्रश्न आहे.

ती खोली कशी असे हें आधीं पाहिलें पाहिजे. घराच्या मागच्या बाजूची, बहुधा सर्वांत अंधारी. वारा लागूं नये म्हणून खिडकी बंद, बाजेखालीं शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी. दहा दिवसांचा विटाळ. त्यामुळें अंथरूण-पांघरूण घरांतील सर्वांत जीर्ण, कारण तें मागाहून टाकूनच द्यावयाचें. सुईण येई ती गांवकुसाबाहेरची किंवा खालच्या मानल्या गेलेल्या जातीची. तिच्या हातीं घरची सून द्यावयाची, पण तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला शिवूं द्यावयाचें नाहीं, अशी ती रीत होती. नाळ कापावयास विळा, कोयता, जें हाताशीं असेल तें. पांचव्या दिवशीं पांचवी पुजावयाची आणि सहाव्या रात्रीं सटवी येऊन बाळाच्या कपाळीं लेख लिहिते असें समजावयाचें. अस्वच्छ हत्यारानें नाळ कापल्यामुळें होणारा धनुर्वात नवजात बाळाला पहिल्या दोन आठवड्यांच्या आंतच, पुष्कळदां सातव्या दिवसाच्या सुमारास गांठतो. सटवीच्या रात्रीची भीति ज्यांनीं ठरविली त्यांना जंतु माहीत नव्हते, परंतु दिवस मात्र बरोबर मोजलेले होते.

या सगळ्या रिवाजाला सरसकट नांवें ठेवणें सोपें आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं, तेल लावून घेणें, शेक घेणें, दीड महिना कामाला हात न लावणें, डिंकाचे व अळिवाचे लाडू, यांत बाईच्या शरीराची जी काळजी होती ती पुढें कारखान्यांत राबणाऱ्या बाईला कधींच मिळाली नाहीं. विटाळानें निदान दहा दिवस तिला चुलीपासून सोडविलें. आणि इस्पितळ म्हणजे आपोआप सुरक्षितता, हेंही खरें नव्हे. व्हिएन्ना शहरांतील मोठ्या प्रसूतिगृहांत १८४६ सालीं डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागांत काम करीत तेथें शेंकडा अकरांहून अधिक बायका सूतिकाज्वरानें दगावत. शेजारच्या सुइणींच्या विभागांत हें प्रमाण पुष्कळच कमी होतें, आणि गरीब बायका आपल्याला सुइणींकडेच पाठवावें म्हणून हातापायां पडत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानें १८४७ सालीं त्याचें कारण शोधलें: प्रेतें चिरून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती करतांच १८४८ सालीं मृत्यु शेंकडा सव्वाच्या घरांत आले. विद्वानांनीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं. तेव्हां घाणेरड्या हातांचा दोष केवळ आपल्या सुइणीच्या पदरीं बांधणें न्यायाचें होणार नाहीं.

हिंदुस्थानांत अडचण आणखी एक होती. अडलेल्या बाईला डॉक्टर मिळणें शक्य असलें तरी तो पुरुष असे. नाडी पाहावयाची तर पडद्याआडून हात बाहेर काढावयाचा. त्यापुढें तपासणें तर बोलावयासच नको. पन्नाच्या महाराणीची हकीकत या बाबतींत प्रसिद्ध आहे. लखनौहून आलेल्या एलिझाबेथ बील्बी नांवाच्या मिशनरी बाईनें तिच्यावर उपचार केले. १८८१ सालीं ती विलायतेस निघाली तेव्हां राणीनें आपल्या देशांतील बायका आजारांत काय सोसतात याचा निरोप एका लहानशा कागदावर लिहवून घेतला, तो लॉकेटांत घातला आणि तें बाईसाहेबांनीं स्वतः व्हिक्टोरिया राणीच्या हातीं द्यावें असें वचन घेतलें. १८८५ सालीं व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनीं स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठीं जो फंड काढला, त्याच्या मागें या निरोपाची आठवण सांगितली जाते.

परंतु मुंबई यापूर्वींच जागी झाली होती, आणि तेथें आरंभ राजवाड्यांतून झाला नाहीं. जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सुधारक, या दोघांनीं विलायतेंतून स्त्री-डॉक्टर आणण्यासाठीं वर्गणी जमविली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं इस्पितळासाठीं लाखाहून अधिक रुपये देऊं केले, तेथील कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हातीं राहावा या उद्देशानें. त्याच सुमारास, १८८३ सालीं, ग्रँट मेडिकल कॉलेजाचा दरवाजा मुलींना उघडला. मद्रासनें तो १८७५ सालींच उघडला होता. १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पेची मुंबईस उतरल्या. एडिंबरो विद्यापीठांत शिकावयास बसलेल्या ज्या सात मुलींना तेथील विद्यार्थ्यांनीं आणि अध्यापकांनीं छळलें, त्यांपैकीं त्या एक. १८८६ सालीं कामा इस्पितळ सुरू झालें आणि त्याचा भार त्यांनीं वाहिला. स्त्री-डॉक्टरला पुरुष-डॉक्टरइतकाच पगार आणि मान मिळावा हा त्यांचा हट्ट होता. बालविवाहावर त्या जाहीर रीतीनें बोलल्या. कारण कोंवळ्या वयांत अडलेली मुलगी वर्तमानपत्रांतील वादांत त्यांना भेटली नव्हती, बाजेवर भेटली होती.

याच वर्षीं, १८८६ च्या मार्चांत, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत वीस वर्षांच्या एका महाराष्ट्रीय बाईला पदवी मिळाली. आनंदीबाई जोशी यांचें नांव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. परंतु त्यांच्या निश्चयाचें मूळ ज्या घटनेंत आहे ती घटना मात्र गौरवाच्या भाषणांत बाजूस पडते. चवदाव्या वर्षीं त्या आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलें. पुढें १८८३ सालीं श्रीरामपूरच्या सभेंत त्यांनीं आपण अमेरिकेस कां जाणार हें सांगितलें, त्यांत हिंदु स्त्री-डॉक्टरांची गरज हा मुद्दा होता. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांचा विभाग त्यांना देऊं केला होता. परंतु त्या देशीं आल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. एकाही बाळंतिणीला त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला नाहीं. तरी त्यांच्यामुळें मराठी घरांतील मुलीनें डॉक्टर होणें ही कल्पना अशक्य राहिली नाहीं.

तो उपयोग करून दाखविला रखमाबाईंनीं. लहानपणीं लागलेलें लग्न आपल्याला बंधनकारक नाहीं म्हणून त्यांनीं न्यायालयांत दिलेली झुंज सर्वश्रुत आहे. ते प्रकरण १८८८ सालीं तडजोडीनें मिटल्यावर त्या लंडनला गेल्या, वैद्यक शिकल्या, डॉ. पेची यांनीं त्यांना मोठें साह्य केलें. १८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळांत रुजू झाल्या. इमारत होती, खाटा होत्या, डॉक्टरीणबाई होती. बायका मात्र येईनात. इस्पितळांत जाणें म्हणजे मरावयास जाणें, अशी समजूत. तेव्हां रखमाबाईंनीं एका गाभण शेळीला इस्पितळांत आणून तिला सुखरूप व्यालेली लोकांना दाखविली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगतात. इंग्लंडांत शिकलेल्या या बाईला हें सुचलें याचें कारण ती भीति त्यांना परकी नव्हती. डफरिन फंडाच्या अनेक इमारतींना हें कौशल्य साधलें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं खाटा सुखवस्तु पडदानशीन बायकांच्या कल्पनेनें मांडल्या गेल्या आणि ज्यांना पडदा परवडतच नव्हता अशा मजूर बायका दूरच राहिल्या.

शिवाय बहुसंख्य बाळंतपणें घरींच, सुइणीच्याच हातीं होत राहिलीं. म्हणून १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ सुइणींना शिक्षण देण्याची योजना काढली. १९१८ सालीं तिच्या अनुभवांचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत सुइणीविषयीं जें लिहिलें आहे तें वाचवत नाहीं: ती अडाणी, ती मळकी, ती हट्टी. पिढ्यान्‌पिढ्या जिला समाजानें चार आण्यांवर आणि जुन्या लुगड्यावर राबविलें, तिनें दिवसाची मजुरी बुडवून वर्गास कां यावें, याचा विचार थोड्याच ठिकाणीं झाला. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं निघालेल्या सेवासदनानें मात्र निराळी वाट धरली. विधवा आणि निराधार ठरलेल्या बायकांना परिचारिकेचें शिक्षण द्यावयाचें, म्हणजे त्यांच्या पोटाचाही प्रश्न सुटतो आणि बाळंतिणीपाशीं जाणता हातही पोंचतो. उच्चवर्णीय विधवेनें विटाळाचें काम करावयाचें, ही त्या काळीं लहान क्रांति नव्हती.

गिरणगांवांतील बाईचा प्रश्न यांतील कशानेंच सुटण्यासारखा नव्हता. तिला बाळंतपणाची रजा म्हणजे पगाराची बुडवणूक. पोट दुखूं लागेपर्यंत साच्यावर उभी राहणारी बाई इस्पितळ जवळ असूनही दूरच होती. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं प्रसूतिलाभाचें विधेयक आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाईला विसांवा मिळावा यांत राष्ट्राचेंच हित आहे आणि त्याचा भार सरकारनेंही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ सालीं कायदा झाला. या जातीचा हा हिंदुस्थानांतील पहिला कायदा, आणि तो डॉक्टरांनीं नव्हे तर मजुरीच्या प्रश्नानें घडविला.

पुढील काळाचे आंकडे निश्चितच समाधान देणारे आहेत. २००१ ते २००३ या काळांत भारतांत दर लाख जिवंत जन्मांमागें ३०१ माता दगावत आणि महाराष्ट्रांत १४९. २०१८ ते २०२० या काळांत हे आंकडे ९७ आणि ३३ वर आले. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेनें इस्पितळांत बाळंत होणाऱ्या गरीब बाईच्या हातीं पैसे ठेवले. माता आणि नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. सटवीच्या रात्रीची ती जुनी भीति अशी ओसरली.

परंतु बाळंतपणाच्या दहा दिवसांपलीकडे बाईचें उरलेलें आयुष्य असतें, आणि त्याकडे शास्त्राचें लक्ष फार उशिरां गेलें. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शेंकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं कांहीं ना कांहीं विकार होता, आणि त्यापूर्वीं कधींही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा ८. याच दाम्पत्यानें पुढें गांवांतल्याच बायकांना नवजात बाळाची निगा राखावयास शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें, तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांपेक्षां शेंकडा ६२ नीं खालीं आलें. १९१८ च्या अहवालानें जिच्यावर अविश्वास दाखविला, तिच्यासारख्याच बायकांनीं हें केलें.

त्यांचें इस्पितळ उभें राहावयाचें होतें तेव्हां आदिवासींना विचारलें गेलें. मोठ्या इमारतींची, पांढऱ्या कपड्यांची आणि आजाऱ्याला एकट्यालाच आंत ठेवून घेणाऱ्या दरवाज्याची आपल्याला भीति वाटते, असें त्यांनीं सांगितलें. म्हणून तें झोंपड्यांच्या वस्तीसारखें बांधलें गेलें, त्याला दंतेश्वरी देवीचें नांव दिलें गेलें, आणि रोग्याबरोबर नातलगांना राहण्याची सोय केली गेली.