मिठी नदीतील गाळ : नियोजन, निधी आणि मोजमाप (1845–2025)

प्रस्तावना

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात गाळ ही संपत्ती मानली जाते. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातील काळी माती शेतकरी स्वखर्चाने आपल्या रानात नेऊन पसरतो. राज्य शासनाने 2017 मध्ये सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच जुन्या व्यवहारावर उभी आहे. महानगरातील नदीच्या गाळाची गोष्ट अगदी उलट आहे. त्यात सांडपाणी, तेल, प्लास्टिक आणि राडारोडा मिसळलेला असतो. तो कोणालाही नको असतो. त्यामुळे तो काढण्यासाठी जसा पैसा लागतो तसाच टाकण्यासाठीही लागतो. मुंबईतील मिठी नदीच्या गाळउपशाचा इतिहास हा प्रामुख्याने या दुसऱ्या खर्चाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने त्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठीची लांबी 17.84 किलोमीटर आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिचा खालचा भाग म्हणजे मुंबई बेट आणि साष्टी यांना विभागणारी दलदलीची खाडी होती. तिच्या मुखावर माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता 1845 मध्ये पूर्ण झाला. त्याचा खर्च प्रामुख्याने लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून भागला. नदीमुखावरील पहिले मोठे सार्वजनिक काम अशा रीतीने दानातून उभे राहिले. दळणवळणाची सोय झाली, मात्र भरती-ओहोटीची वाट अरुंद झाली.

त्यानंतर 1860 मध्ये विहार तलाव पूर्ण झाला. मुंबईला नळाचे पाणी मिळाले, हा त्याचा निर्विवाद लाभ होय. परंतु नदीच्या उगमाकडील पाणी अडल्यामुळे पावसाळ्यातील सांडव्याखेरीज वरून स्वच्छ प्रवाह येईनासा झाला. नदी स्वतःचे पात्र स्वतः धुऊन काढते ती अशाच प्रवाहाच्या जोरावर. तो जोर घटला आणि कालांतराने कोरड्या ऋतूत पात्रात उरले ते वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणी. पुढे विमानतळाच्या धावपट्टीखालून नदी वळविण्यात आली. 1977 पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे नियोजन सोपविलेले वांद्रे-कुर्ला संकुल तर खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालूनच उभे राहिले. गाळाची जबाबदारी केवळ नदीकाठच्या झोपड्यांवर टाकण्याची प्रथा आहे. वरील क्रम पाहता ती न्याय्य म्हणता येत नाही.

महापुरापूर्वीचे नियोजन

1985 मधील पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यजल निःसारणाचा अभ्यास सल्लागारांकडून करवून घेण्यात आला. 1993 मध्ये सादर झालेला हा अहवाल ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जातो. ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेली जुनी व्यवस्था ताशी 50 मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी त्याची मुख्य शिफारस होती. योजना तयार होती, खर्चाचा अंदाजही होता. निधी मात्र एक तपाहून अधिक काळ पुरेशा प्रमाणात उपलब्ध झाला नाही. केंद्र शासनाने या प्रकल्पासाठी सुमारे 1,200 कोटी रुपयांना मंजुरी दिली ती 2007 मध्ये, म्हणजे महापुरानंतर.

26 जुलै 2005 आणि त्यानंतर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यातील नोंद शंभर मिलिमीटरपेक्षाही कमी होती. शहरात शेकडो लोक मृत्युमुखी पडले आणि मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे, याची जाणीव अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथमच झाली. अवघ्या महिन्याभरात, ऑगस्ट 2005 मध्ये, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरणाची स्थापना झाली. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व तिचा अहवाल 2006 मध्ये आला. खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानेही प्रवाहाचा अभ्यास केला. रुंदीकरण, खोलीकरण, संरक्षक भिंती आणि अतिक्रमण हटविणे ही कामाची चौकट यांतून ठरली.

येथे एक प्रशासकीय वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. नव्या प्राधिकरणाच्या नावात नदी होती, परंतु त्याला स्वतःची करआकारणीची सत्ता नव्हती. प्रत्यक्ष काम दोन यंत्रणांत विभागले गेले: वरचे 11.84 किलोमीटर महानगरपालिकेकडे आणि खालचे सहा किलोमीटर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. एक यंत्रणा करांवर चालणारी, तर दुसरी मुख्यतः जमिनीच्या विक्रीतून उत्पन्न मिळविणारी. पाणी मात्र ही सीमारेषा मानीत नाही. वरच्या भागात सुटलेला गाळ खाली जातो आणि भरतीबरोबर खालचा चिखल वर येतो.

भांडवली काम आणि वार्षिक खर्च

खोलीकरण व गाळउपसा हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. लेखाशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मूलभूत भेद आहे. खडक फोडून पात्र खोल करणे हे एकदाच करावयाचे भांडवली काम. साचलेला गाळ काढणे हा दरवर्षीचा महसुली खर्च. पहिल्यासाठी शासनाकडे अनुदान मागता येते, उद्घाटन करता येते. दुसरा खर्च कायमचा असतो आणि त्याचे श्रेय कोणालाच मिळत नाही. शिवाय भरतीच्या टापूत पात्र समुद्राच्या ओहोटीपातळीखाली नेल्यास तो खड्डा समुद्राच्याच चिखलाने पुन्हा भरू लागतो. म्हणजे तेथे भांडवली कामच पुढच्या वार्षिक खर्चाला जन्म देते. पात्र जितके खोल, तितका पुढील वर्षांचा गाळ अधिक, हा हिशेब अंदाजपत्रकात क्वचितच मांडला गेला.

मोजमापाचा प्रश्न

गाळाचे देयक कशाच्या आधारे द्यावे? पात्राची पातळी उपशापूर्वी व उपशानंतर मोजून फरक काढता येतो. परंतु पहिल्याच मोठ्या पावसानंतर ती पातळी बदलते आणि पुरावाच वाहून जातो. दुसरा मार्ग म्हणजे डंपर वजनकाट्यावर मोजणे. त्यात ओल्या गाळाबरोबर पाण्याचेही वजन येते आणि एकच डंपर दोनदा मोजला गेला नाही, याची खात्री कागदावरच ठेवावी लागते. तिसरा आधार गाळ टाकण्याच्या जागेचा. शहरात तशी जागा नसल्याने कंत्राटदाराने शहराबाहेरील जमीनमालकांशी करार करून तो सादर करावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. नदी, काटा आणि माळरान या तीन ठिकाणांच्या नोंदी जुळल्या तरच देयक खरे ठरते.

नेमक्या याच दुव्यावर पुढे प्रश्नचिन्ह उभे राहिले. मिठीतील गाळउपशाच्या अनेक वर्षांच्या निविदांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्यात आले. मे 2025 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे 65 कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल गुन्हा नोंदविला. गाळ टाकण्यासंबंधीचे जमीनमालकांशी झालेले करार बनावट असल्याचा आरोप त्यात आहे, तसेच गाळ उपसणाऱ्या विशिष्ट यंत्रांच्या निवडीसंबंधीही आक्षेप आहेत. आरोप सिद्ध होणे हा न्यायालयाचा विषय होय. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, संशयाचे केंद्र नदीपात्रापुरते मर्यादित राहिले नाही. ते शहरापासून दूर असलेल्या माळरानापर्यंत जाऊन पोहोचले. त्याच वर्षी महापालिकेने गाळउपशाच्या चित्रफिती तपासण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. चित्रफीत डंपर दाखविते. त्यातील गाळ पुढे कोणाच्या जमिनीवर पडला, हे तपासण्यासाठी मात्र त्या जमिनीवरच जावे लागते.

ऑगस्ट 2025 मधील मुसळधार पावसात मिठीची पातळी पुन्हा धोक्याच्या खुणेजवळ आली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधील रहिवाशांना घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात जावे लागले.