गोल्डन रॉड : बागेतून रानात

गुच्छात पिवळा भराव म्हणून जाणारा गोल्डन रॉड मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथलं रानफूल. १७व्या शतकात तो शोभेसाठी इंग्लंडला गेला. १९२७ नंतर एडिसनने फ्लोरिडात हजारो झाडं तपासून याच्याच एका जातीच्या पानातून रबर काढलं. धंदा काही जमला नाही. फुलापुरता मात्र तो टिकला.

चीनमध्ये १९३५ साली बागेसाठी आणला. काश्यांनी पसरला, बी वाऱ्यावर उडालं, आज तिथं मोठं तण झालंय.

म्हणून सांगतो, दांडे वेळेवर काढा, बी धरू देऊ नका. काढलेल्या काश्या ओढ्यात, बांधावर फेकू नका, वाळवून जाळा. पीक आपलं, तर राखणही आपलीच.