इतिहासाचार्य राजवाडे आणि पुराव्याचा धर्म

बऱ्हाणपुरातील इतवारा आणि शनवारा ही मोहल्ल्यांची नावे ऐकली की पुण्याच्या रविवार-शनिवार पेठा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एवढ्या साम्यावरून कोणी ‘ही वस्ती मराठ्यांनीच वसविली’ असे म्हणू लागला, तर वकिलीवर उदरनिर्वाह करणारे आमच्यासारखे लोक त्यास प्रथम एकच गोष्ट विचारतील : कागद कोठे आहे? न्यायासनासमोर ऐकीव गोष्ट टिकत नाही. मग राष्ट्राच्या न्यायासनासमोर ती का टिकावी?

महाराष्ट्रास हा प्रश्न विचारावयास शिकविले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि मराठी सत्तेच्या उदयास सह्याद्रीच्या रानात अकस्मात पेटणाऱ्या वणव्याची उपमा दिली. वणव्यामागे विचार नसतो, हेतू नसतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली आपल्या इंग्रजी ग्रंथात या मतास उत्तर दिले, व संतांनी घडविलेल्या जनजागृतीत त्या उदयाचे मूळ दाखविले. राजवाड्यांचा मार्ग निराळा. त्यांनी आधी साक्षीदार गोळा केले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रे होती. पुढे या मालेचे एकंदर बावीस खंड झाले. पत्नी अकाली निवर्तली असता त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून माळ्यांवरची दप्तरे सोडविणे हाच त्यांचा प्रपंच झाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने.

त्या कालखंडाशी आमच्या गावाचा संबंध निकटचा आहे. १७६० च्या प्रारंभी उदगिरीस निजामाचा पराभव झाला, आणि तहात अशीरगडासह बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्याच वर्षीच्या एप्रिलात सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपुरावरून उत्तरेकडे गेली. ते लोक कोठून आले, कोणत्या चिंतेत होते, पैशाची ओढ किती होती, हे बखरींच्या अलंकारांतून कळत नाही. ते कळते पत्रांतून. राष्ट्र म्हणजे केवळ जयघोष नव्हे. हिशेब, ओढाताण आणि चुका यांसह जगलेला समाज म्हणजे राष्ट्र, ही जाणीव त्या पत्रांनी दिली.

तथापि राजवाड्यांचे सर्वच निष्कर्ष शिरसावंद्य मानावेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा अभिमान प्रखर होता, आणि अनुमान कित्येकदा पुराव्याच्या पुढे धावे. प्रारंभीच्या प्रस्तावनांत त्यांनी समर्थ रामदासांच्या ‘महाराष्ट्रधर्मा’स राष्ट्रोदयात फार मोठे स्थान दिले. पण १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ त्यांनीच छापली, आणि तीत हाच शब्द समर्थांच्याही पूर्वीचा आढळला. आपल्या मतास मुरड घालणारा कागद दडपून न ठेवता जो छापतो, तोच खरा इतिहासकार!

हीच कसोटी आम्ही आमच्या गावास लावतो. येथील जामा मशिदीत आदिलशहा फारुकीचा लेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे, आणि त्यात शके १५११ दिलेले आहे. एका मुसलमान राजाने आपली वंशावळ देववाणीत कोरवावी व शालिवाहन शक वापरावा, हे कोणाच्याही सोप्या सिद्धांतात बसत नाही. पण दगड खोटे बोलत नाही, आणि जी अस्मिता असा साक्षीदार पाहून डोळे मिटते ती फार काळ टिकत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. तरी येथील घरांतली मराठी नकाशाला विचारून बोलली जात नाही. तिचा हक्कही घोषणांपेक्षा कागदांनीच अधिक सिद्ध होईल.

गोमंतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यात बसून पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला, तो याच निष्ठेने. आता प्रश्न आपला आहे. आपल्या देवस्थानांत नंदादीपाच्या तेलाचे हिशेब, सनदा, पुजाऱ्यांचे करार असे मोडी कागद अजून फडक्यांत बांधलेले असतील. मंदिराचा जीर्णोद्धार होतो, कळसास सोन्याचा मुलामा चढतो, आणि हे गठ्ठे मात्र रद्दीत जातात. असे होऊ देणे म्हणजे आपल्याच साक्षीदारास आपल्या हातांनी मुका करणे होय.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास, आमच्याच जुन्या खानदेशात, वारले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले व त्यांचा संग्रह जतन झाला. त्यांच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. आपल्या देवळाच्या माळ्यावरचे एक दप्तर उतरवून, धूळ झटकून, जाणत्याच्या हाती देणे थोडे कष्टाचे आहे. परंतु त्यांचे खरे श्राद्ध तेच, असे आम्हांस वाटते.