पडद्यावरचे अंतराळ आणि उसाचा फड

ख्रिस्तचरित्र आणि चित्रपटकला यांचा संबंध आपल्या भूमीत जुना आहे. मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहून दादासाहेब फाळके यांना प्रेरणा मिळाली व १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यापूर्वीच, १९०२ साली, फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी तोफेच्या गोळ्यात बसवून माणसे चंद्रावर धाडली होती. आपल्याकडे १९६७ साली दारासिंग यांची ‘चाँद पर चढाई’ झाली. दोनच वर्षांनी मानवाचे पाऊल खरोखर तेथे पडले.

अशा चित्रपटांना निव्वळ करमणूक समजू नये, असे आम्हांस वाटते. १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये हॅल नावाचा संगणक, ज्यांच्या सेवेसाठी त्याला नेमले, त्याच अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ महत्त्वाच्या चित्रपटांत या कृतीस स्थान मिळाले.

आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार कोयते घेऊन परमुलखात जातात, कोपीत संसार मांडतात. आता फडात ऊस तोडणारी यंत्रेही उतरली आहेत. कष्ट हलके व्हावेत हे इष्टच. पण ज्याच्या हातचा कोयता सुटला, त्याच्या घरची चूल कशी पेटावी? यंत्र सेवक राहणार की धनी होणार, हा हॅलचा प्रश्न आता अंतराळातला उरलेला नाही. पडद्यासमोरून उठताना प्रेक्षकांनी तो सोबत घेऊन घरी जावे.