चावरे कासव आणि फिलाडेल्फियाचे सूप

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील आणि त्याच्या अमेरिकन वसाहतींतील धनिकांच्या ऐपतीची पारख ज्या पदार्थावरून होई, तो पदार्थ म्हणजे कासवाचे सूप. वेस्ट इंडीज बेटांच्या किनाऱ्यावरची हिरवी समुद्रकासवे जहाजाच्या फळ्यांवर उताणी टाकून, अधूनमधून अंगावर पाणी शिंपडीत, जिवंत आणली जात. आणि अन्नावाचून दीर्घकाळ तग धरण्याची जी शक्ती निसर्गाने त्या प्राण्यास आत्मरक्षणार्थ दिली होती, तीच त्याच्या घातास कारण झाली, कारण कृत्रिम शीतगृहांपूर्वीच्या त्या काळात समुद्रापलीकडे ताजे मांस पोहोचविण्याचा याहून सोयीचा उपाय व्यापाऱ्यास ठाऊक नव्हता. १७७४ साली अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या ‘खंडीय काँग्रेस’च्या बैठकीसाठी फिलाडेल्फियास आलेल्या जॉन ॲडम्स यांनी प्रांताचे मुख्य न्यायाधीश बेंजामिन च्यू यांच्या घरी झालेल्या भोजनाची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे, आणि तीत पदार्थांची नावे देताना आरंभ कासवापासून केला आहे.

ज्यांना असे कासव परवडत नसे, त्यांनी वासराच्या डोक्याचे मांस त्याच रीतीने शिजवून ‘नकली कासवा’चे सूप करण्याची युक्ती काढली. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स हिच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात खऱ्या कासवाची कृती आहे आणि कासवाच्या धर्तीवर वासराचे डोके शिजविण्याचीही आहे. १८६५ साली ल्युइस कॅरोल यांच्या ‘ॲलिस’मध्ये जो ‘मॉक टर्टल’ अवतरला, त्याला चित्रकार टेनियल यांनी वासराचे डोके आणि खूर दिले, ते याच पाकसंप्रदायाला अनुसरून. परंतु अमेरिकेतील खेडुताला वासराच्या डोक्याचीही गरज नव्हती. त्याच्या शेतामागच्या तळ्यात, गिरणीच्या बांधाशी, दलदलीच्या ओढ्यात एक कासव फुकट मिळत होते. त्याला पकडायला मात्र धारिष्ट लागे. तेच चावरे कासव, अमेरिकनांच्या बोलीतील ‘स्नॅपर’.

लिनियस याने १७५८ साली या प्राण्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात त्याची तुलना सर्पाशी केली आहे, आणि ज्याने त्याची लांब मान क्षणार्धात बाहेर झेपावताना पाहिली असेल त्याला ती तुलना यथार्थ वाटेल. या कासवाच्या पोटाखालचे कवच अतिशय आखूड, क्रूसाच्या आकाराचे असते. त्यामुळे अन्य कासवांप्रमाणे डोके व पाय आत ओढून स्वस्थ पडण्याची सोय त्याला नाही, आणि म्हणूनच जमिनीवर गाठले असता ते दंश करण्यास प्रवृत्त होते. पाण्यात मात्र तोच प्राणी माणसाची चाहूल लागताच निमूटपणे दूर सरतो. त्याच्या उग्रपणाविषयी जी अपकीर्ती पसरली आहे, ती बव्हंशी त्याला पाण्याबाहेर काढणाऱ्यांनी पसरविलेली आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांपूर्वी पूर्व अमेरिकेतील मूळ रहिवासी हे मांस खात होते आणि त्याच वेळी त्या प्राण्याला पूज्यही मानीत होते. हॉडेनोशोनी राष्ट्रसंघाच्या सृष्टिकथेत आकाशातून पडलेल्या स्त्रीला आधार देण्यासाठी जलचरांनी तळातला चिखल आणून कासवाच्या पाठीवर ठेवला आणि त्या चिखलाची पृथ्वी झाली. त्यांच्या कुळांपैकी एक कूळ कासवाचे आहे, आणि चावऱ्या कासवाचे अखंड कवच वाळवून, ताणलेल्या मानेचीच मूठ करून बनविलेला खुळखुळा त्यांच्या धर्मविधींत वाजतो. देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीतील दगडी कूर्माला वंदन करून पुढे जाणाऱ्या मराठी वाचकाला ही श्रद्धा परकी वाटू नये.

पकडण्याच्या रीती प्रदेशपरत्वे भिन्न असल्या, तरी त्या सर्वांच्या मुळाशी या प्राण्याच्या सवयींचे बारीक ज्ञान होते, आणि ते ज्ञान कोणत्याही ग्रंथात नसून बापाकडून मुलाकडे येत असे. सर्वांत प्राचीन आणि सर्वांत कष्टाची रीत थंडीच्या दिवसांतली. पाणी गारठले म्हणजे ही कासवे तळाच्या गाळात, झऱ्याच्या मुखाशी किंवा मस्करॅट नावाच्या जलचर उंदराने कोरलेल्या काठच्या बिळांत शिरून निपचित पडतात; अनेक वेळा एकाच जागी अनेक, आणि वर्षानुवर्षे त्याच जागी. पारधी लांब लोखंडी सळई घेऊन त्या गाळात टोचीत जाई. दगडाला सळई लागली तर हाताला एक झणका बसे, लाकडाला लागली तर ती रुते, आणि कवचाला लागली तर जो बद्द, पोकळ स्पर्श मुठीपर्यंत येई तो सरावलेला हात तत्काळ ओळखी. मग सळईच्या दुसऱ्या टोकाच्या आकड्याने तो जड, सुस्त प्राणी वर ओढला जाई. डोळ्यांना काहीही दिसत नसताना निव्वळ तळहाताच्या संवेदनेवर चालणारी ही विद्या मला मानवी कारागिरीच्या उच्च प्रकारांत गणण्याजोगी वाटते.

उन्हाळ्यात गळ आणि सापळा यांचा अंमल. मजबूत दोरीला मोठा गळ बांधून, त्याला लवकर सुटणार नाही असे चिवट मांस अडकवून, दोरीचे दुसरे टोक काठच्या झाडाला किंवा तरंगत्या ओंडक्याला बांधीत आणि रात्रभर ठेवून पहाटे फेरी घालीत. या रीतीत क्रौर्य आहे, कारण दोरी तोडून गेलेले कासव पोटात लोखंड घेऊन जाते. पुष्कळ पारधी यापेक्षा कड्यांवर ताणलेल्या जाळीचा पिंपाच्या आकाराचा सापळा पसंत करीत: एका तोंडाशी नरसाळ्यासारखी आत निमुळती होत गेलेली जाळी, आत माशांचे तुकडे, वासाच्या मागाने आलेले कासव आत सहज शिरते आणि बाहेरची वाट त्याला सापडत नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून सापळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे, हा नियम जाणते पारधी आपल्या हिताकरिताच पाळीत, कारण बुडून मेलेले कासव त्यांच्या कामाचे नसे. पुढे कित्येक राज्यांच्या कायद्यांत तो अंतर्भूत झाला.

पकडलेले कासव लगेच कापीत नसत. चिखलात वाढलेल्या मांसाचा उग्र वास जावा म्हणून ते काही दिवस स्वच्छ पाण्याच्या पिंपात ठेवावे, पाणी वरचेवर बदलावे, असा सार्वत्रिक प्रघात होता. वधाच्या वेळी त्याच्यासमोर काठी धरीत, ते तिला घट्ट चावे, आणि ताणलेल्या मानेवर कुऱ्हाड पडे. परंतु येथेच नवशिक्याची फसगत होई. छाटलेले मुंडके त्यानंतरही बराच काळ मिटू शकते आणि त्यात सापडलेले बोट तुटू शकते, म्हणून ते ताबडतोब पुरून टाकण्याची ताकीद घरोघर मुलांना दिलेली असे. काढलेले हृदयही कित्येक तास स्पंदत राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराचा हा धर्म आहे, हे आज शाळेतील मूलही सांगेल. पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते धडधडणारे हृदय पाहणाऱ्या खेडुताच्या मनात त्या प्राण्याविषयी काही अद्भुत भावना उत्पन्न झाल्या नसत्या तरच नवल.

धड शेपटीकडून टांगून रक्त निथळू देत; नंतर उकळत्या पाण्यात बुडवून त्वचेचा वरचा पापुद्रा खरवडीत. मग उताणे करून पोटाचे कवच आणि पाठीचे कवच यांना जोडणाऱ्या सांध्यातून सुरी चालविली की खालची ढाल निघून येई, आणि मान, चार पाय, शेपटी व पाठीच्या कण्यालगतच्या दोन पट्ट्या एवढे मांस हाती लागे. कासवात सात तऱ्हेचे मांस असते, एक कोंबडीसारखे, एक वासरासारखे, अशी तिकडे म्हणच आहे. सात नसले तरी मानेचे मांस आणि पायाचे मांस यांच्या रंगात व पोतात भेद असतो एवढे खरे. पिवळी चरबी काळजीपूर्वक काढून टाकीत, कारण तिने सबंध भांड्याला वास येतो. मांस चिवट, ते मंद आचेवर तासन् तास शिजले पाहिजे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय या मध्यभागातील राज्यांत ते आधी उकडून मग पिठात घोळवून तळीत. लुइझियानात टोमॅटो व मिरची घालून त्याचा झणझणीत रस्सा होई.

फिलाडेल्फियाने मात्र त्याला आपली ओळख करून टाकली. भाजलेल्या पिठाने दाट केलेले, गर्द तपकिरी रंगाचे, वासराच्या हाडांच्या अर्कात कांदा, सेलरी, टोमॅटो, लवंग घालून शिजविलेले हे सूप टेबलावर येई तेव्हा सोबत शेरी नावाच्या मद्याची लहान सुरई असे, आणि ती आपल्या हाताने वाटीत ओतणे हा भोजनविधीचाच भाग मानला जाई. बुकबाइंडर या तेथील विख्यात भोजनगृहाने ते इतके प्रसिद्ध केले की परगावचा पाहुणा आणि फिलाडेल्फियाचा रहिवासी एकाच टेबलाशी त्याची मागणी करीत.

हा मान त्याला ज्या कारणाने मिळाला ते सुखावह नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन उच्चभ्रूंचे कासव म्हणजे खाडीतले टेरापिन. चेसापीकच्या उपसागरात ते एके काळी इतके विपुल होते की गरिबांचे अन्न समजले जाई, आणि तेच पुढे डझनाच्या दराने धनिकांच्या मेजवान्यांत विकले जाऊ लागले. बाजारभाव चढत गेला तसतसा साठा आटत गेला. उत्तर कॅरोलायनातील बोफर्ट येथील सरकारी मत्स्य-प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून टेरापिनच्या पैदाशीचे प्रयोग दीर्घकाळ चालले. १९२० साली देशभर मद्यनिषेध अंमलात आला आणि ज्या मदिरेवाचून टेरापिन शिजविणे आचाऱ्यांस अशक्य वाटे, ती खुल्या बाजारातून नाहीशी झाली. टेरापिनची फॅशन ओसरण्याच्या कारणांत याचीही गणना होते. वरच्या पायरीवरचे समुद्रकासव दुर्मिळ झाले, मधले टेरापिन संपत आले, आणि खालच्या पायरीवरचा स्नॅपर आपोआप वर चढला. दक्षिणेत मिसिसिपीच्या खोऱ्यातील मगरी चावऱ्या कासवाची गतही तीच: हा त्याचा महाकाय आप्त, जो कधी कधी शंभर किलोंच्या घरात जातो, सूपवाल्यांसाठी इतक्या प्रमाणात काढला गेला की २००४ साली लुइझियाना राज्याला त्याची व्यापारी पकड बंद करावी लागली.

पारध्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. तळ्यात मोठी कासवे दरसाल सापडत, म्हणून ती दरसाल निपजतात अशी त्यांची समजूत झाली. वस्तुस्थिती अशी की मिशिगनमधील मादी वयाची अकरा ते सोळा वर्षे झाल्यावर प्रथम अंडी घालते, कॅनडाच्या थंडीत तर आणखी उशिरा. जून महिन्यात घातलेल्या वीस-चाळीस अंड्यांपैकी बहुतेक रकून व कोल्हे उकरून खातात. आणि या हानीची भरपाई मादी दीर्घायुष्याने, पुन्हा पुन्हा, दशकानुदशके अंडी घालून करते. मोठी कासवे उचलणे म्हणजे पिढ्यांनी भरलेले पेव एका मोसमात उपसणे होते. १९९४ साली जस्टिन काँगडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनमधील प्रदीर्घ निरीक्षणांवरून हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की पंधरा वर्षांवरील कासवांपैकी शेकडा दहा दरसाल काढली, तर वीस वर्षांच्या आत प्रौढ कासवांची संख्या निम्मी होते. ऑन्टॅरिओतील अल्गॉन्क्विन उद्यानात १९८०च्या दशकात पाणमांजरांनी हिवाळ्यात पुष्कळ प्रौढ कासवे मारली. त्यांची जागा पुढे अनेक वर्षे भरून निघाली नाही. हे आकडे हाती येईपर्यंत व्यापार शतकभर चालला होता, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील मागणीने त्याला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले.

दुसरी आपत्ती कारखान्यांकडून आली. हडसन नदीत विद्युत्-सामग्रीच्या कारखान्यांतून गेलेली पीसीबी नामक रसायने गाळात बसली, गाळातून माशांत आणि माशांतून दीर्घायुषी कासवाच्या चरबीत साठली. आजीने वासासाठी काढावयास सांगितलेली पिवळी चरबी न्यूयॉर्कचे आरोग्यखाते आता विषासाठी काढावयास सांगते, आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी व लहान मुलांनी हे मांस खाऊच नये असा त्या खात्याचा सल्ला आहे.

निर्बंध हळूहळू आले. ऑन्टॅरिओने २०१७ साली या कासवाची शिकार सर्वस्वी बंद केली. २०२२ साली पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत चावरे आणि मगरी या दोन्ही कासवांच्या परदेशी व्यापारावर परवान्याचे बंधन घालण्याचे ठरले. न्यूयॉर्कने २००६ साली चावऱ्या कासवाला राज्याच्या अधिकृत सरपटणाऱ्या प्राण्याचा मान दिला, तरी परवानाधारकाला त्याची शिकार करण्याची मुभा तेथे राहिली; मात्र मोसम माद्यांची अंडी घालून झाल्यावर, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, आणि कवच किमान बारा इंच. या नियमातील मोसमाची तजवीज मला शहाणपणाची वाटते, मापाची नाही. कारण बारा इंचांच्या मर्यादेने लहान कासवे वाचली, तरी ज्या वयस्क कासवांवर तळ्याचे सर्व भवितव्य अवलंबून असते, नेमक्या त्यांच्यावरच शिकाऱ्याची नजर वळते.