झेब्र्यांच्या गळ्यातले सौरपट्टे

2002च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 32 बिनतारी सेन्सर बसवले. पेट्रेल पक्षी तिथे जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात. माणसाची चाहूल वाढली तर घरटंच सोडतात. म्हणून हा यांत्रिक पहारा. बेटावरचं मुख्य केंद्र उन्हावर चाले, पण बिळातल्या अंधारात साध्या पेन्सिल सेलवरच भागवावं लागलं.

सुमारे दीड वर्षाने, जानेवारी 2004मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठाचा चमू केनियातल्या म्पाला संशोधन केंद्रात पोचला. इथे सेन्सर होते झेब्र्यांच्या गळ्यात. उपग्रहावरून जागा शोधणारं जीपीएस वीज भराभर संपवतं, आणि सेल बदलायला झेब्रा पुन्हा बेशुद्ध करणं म्हणजे त्या जनावराचे हालच. त्यामुळे पट्ट्यावरच सौरघट आणि लिथियम बॅटरी बसवली. मोबाइल टॉवरची गरजच नव्हती! दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे एकमेकांना नोंदी देत; संशोधक गाडीतून फिरत त्या गोळा करत. या साऱ्या कामातली खरी प्रतिभा इथेच दिसते.

बॅटरी मात्र वारंवार भरून झिजते. 2005मध्ये बर्कलीच्याच ‘प्रोमिथिअस’ यंत्रणेत उन्हाची वीज आधी सुपरकपॅसिटरमध्ये साठू लागली. बॅटरीला हात लागे तो नाइलाज झाल्यावरच.